गजबलचा डबा आणि शिरोळचा ऊस

शिरोळच्या जत्रेत हुसेननं समोरच्या गड्याला खाली घेतलं होतं. एक खांदा मातीला टेकलेला, दुसरा टेकायला चार बोटं राहिलेली. हलगीवाल्यानं काडी वर उचललेली. आणि नेमकं त्या घडीला हुसेनच्या तोंडावर असा काही भाव आला, की खालच्या गड्याला वाटलं आपलाच एखादा डाव लागला. हुसेन उठला. पंचाकडं बघितलं नाही, वस्तादाकडं बघितलं नाही. लंगोटावर, लाल मातीनं माखलेला तसाच पळत सुटला आणि शेजारच्या उसाच्या फडात शिरला.

पंचानं थोडा वेळ वाट बघितली. मग खालच्या गड्याचा हात वर केला. गडी झोपलेलाच होता, त्यामुळं त्याला फार त्रास पडला नाही.

हुसेन कोल्हापुरात गुळाच्या बाजारात तोलार होता. दिवसभर काट्यावर गुळाच्या ढेपा चढवायच्या, आकडा ओरडायचा, ढेपा उतरवायच्या. राहायला शिवाजी पेठेत. सकाळ-संध्याकाळ केरबा वस्तादाच्या तालमीत. वजनात खोटं बोलला नाही म्हणून बाजारात त्याला मान होता, आणि कुस्तीत पाठ लागली नाही म्हणून पेठेत. त्या एका दुपारनंतर पेठेतला मान गेला. दुधाच्या कट्ट्यावर, न्हाव्याकडं, पाण्याच्या नळावर, जाईल तिथं एकच विचारणा सुरू झाली. "काय पैलवान, ऊस कसा हाय?"

खरं काय झालं ते हुसेनला पक्कं ठाऊक होतं. कुस्तीच्या सकाळी तो शिरोळच्या सुलतानबी फुफूकडं, म्हणजे आत्याकडं, गेला होता. भाचा कुस्तीला आलाय म्हटल्यावर फुफूनं गुऱ्हाळावरची ताजी काकवी दोन तांबे पाजली, त्यात अच्छेर, म्हणजे अर्धा शेर, तूप ओतलं, आणि ते खाली बसावं म्हणून वरनं बर्फ घालून उसाचा रस दिला. पण पैलवान काकवीनं आडवा झाला हे सांगायचं कुणाला? म्हणून पहिल्यांदा जेव्हा विचारणा झाली, तेव्हा हुसेनच्या तोंडून निघून गेलं, "त्या बाळासोच्या पावडरीनं घात केला."

हा बाळासो पेठेतलाच. मुंबईत दोन वर्षं एका व्यायामशाळेत होता असं सांगायचा. तिथं झाडू मारत होता हे सांगायचा नाही. परत आला तो नावामागं 'प्रोफेसर' लावून. तालमीसमोर गाळा घेतला, चार आरसे लावले, लोखंडी डंबेल्स मांडले आणि 'गजबल' नावाच्या पावडरीचे लाल डबे रचले. डब्यावर सोंडेनं डंबेल उचलणारा हत्ती. दूध-भाकरी खाऊन अंग होत नसतं, मुंबईत सगळं डब्यातनंच येतं, असं तो तालमीतल्या पोरांना समजावून द्यायचा. हुसेननंही एक डबा घेतला होता.

हुसेनला वाटलं होतं, पावडरीचं नाव घेतलं की आपण सुटलो. पण पेठेतली माणसं डोळे मोठे करून ऐकायची, आणि दुसऱ्या दिवशी बाळासोच्या गाळ्यावर उभी असायची. हुसेनसारखा गडी आखाडा सोडून पळतोय म्हणजे त्या डब्यात जोर केवढा असेल, असा सगळ्यांचा हिशेब. हुसेन चिडून आणखी वाढवून सांगायचा, पोट पेटलं, डोळ्यापुढं अंधारी आली, आणि गिऱ्हाइकं आणखी वाढायची. पंधरवड्यात बाळासोनं नवी पाटी रंगवून घेतली. एक उघडाबंब पैलवान उसातनं पळतोय, आणि खाली लिहिलंय: 'शिरोळच्या मैदानात पैलवानालाही न पेललेली ताकद – गजबल!' पेंटरनं तोंड हुबेहूब काढलं होतं. कुस्तीत झालेली डाव्या कानाची गाठसुद्धा सोडली नव्हती.

हुसेनची बायको कुलसुम रोज त्या पाटीखालून पिठाच्या गिरणीला जायची. पाचव्या दिवशी पिठाचा डबा खाली ठेवून म्हणाली, "तुमी जेवढं वाईट बोलतासा, तेवढा त्येचा माल खपतोय. उद्या जहर म्हणालासा तर त्यो मोठं डबं काढंल."

हुसेन त्या रात्री जेवला नाही. दुसऱ्या दिवशी काट्यावर उभा राहून ढेपा मोजताना त्याला उमगलं. कोल्हापुरात जहाल म्हटलेली गोष्ट कधी पडून राहिली नाही, मग तो रस्सा असो की माणूस. बाळासोला खड्ड्यात घालायचं तर पावडर वाईट म्हणून सांगून उपयोगच नव्हता. तिच्यानं काहीच होत नाही, हे दाखवायला हवं. पण ते दाखवलं तर मग शिरोळात कशानं झालं, हा प्रश्न उभा राहणार, आणि त्याचं उत्तर एकट्या हुसेनकडं होतं. दोन दिवस तो त्यावर कुढला. तिसऱ्या दिवशी पुन्हा पाटीखालून गेला, आणि कानाची गाठ बघून त्याचं ठरलं.

त्यानं केरबा वस्तादाला गाठलं. तालमीतली सारख्या अंगाची दहा पोरं घ्यायची. आठ आठवडे दहाही जणांचा व्यायाम एक, जेवण एक: भाकरी, आमटी, उसळ, शेंगदाणे, रोजची दोन अंडी. फक्त सकाळच्या दुधात पाच जणांना गजबल आणि पाच जणांना फुटाण्याचं पीठ. कुणाला काय, ते चिठ्ठ्या टाकून वस्तादानं एकट्यानं ठरवायचं आणि कागद तालमीच्या मारुतीच्या कोनाड्यात लाखेनं बंद करून ठेवायचा. वस्ताद म्हणाला, निदान तुला तरी सांगतो. हुसेननं कानावर हात ठेवले.

"कुणाचा माल हाय ते तोलाराला कळलं, की काटा हलायला लागतोय वस्ताद," तो म्हणाला. "मला कळूच देऊ नका."

बाळासोला हे भर कट्ट्यावर विचारलं. नाही म्हणायची सोय नव्हती, आणि त्याला तशी गरजही वाटली नाही. मुंबईच्या डब्यापुढं फुटाणे काय टिकणार, म्हणून त्यानं पावडर फुकट देऊ केली. कुलसुमनं ती चिमूटभर जिभेवर ठेवून बघितली, थोडा वेळ विचार केला आणि फुटाण्याच्या पिठात घालायला जायफळ मागवलं. वास सारखा आला पाहिजे, एवढंच म्हणाली.

दर रविवारी दहा पोरं गुळाच्या बाजारातल्या काट्यावर चढायची. हुसेन आकडा ओरडायचा आणि वस्ताद भिंतीवर कोळशानं लिहायचा. बघायला माणसं जमू लागली. बाळासो लांब उभा राहून पोरांचे खांदे न्याहाळायचा. चौथ्या आठवड्यात त्यानं छातीठोकपणे पाच पोरं निवडली, ही माझी, तजेला बघा, गजबल लपत नसतं. त्या पाचांना तो घरी बोलावून पोझ शिकवू लागला.

शेवटच्या रविवारी अख्खी पेठ बाजारात उतरली. अध्यक्ष म्हणून पेठेतले पुढारी गणपतराव आले होते. वय सत्तर, भाषणाची हौस विशीतली. पोरं आली. त्यातली बाळासोची पाच जरा जपूनच चालत होती, पाय न आपटता, पोटाला धक्का न लावता. हुसेननं एकदाच त्यांच्याकडं बघितलं. वीस वर्षं ढेपा तोललेल्या माणसाला ओला माल लांबनं कळतो. बाळासोनं सकाळी प्रत्येकाला कळशीभर पाणी पाजून आणलं होतं.

हुसेननं गणपतरावांच्या कानाशी लागून विनंती केली, की वजनाच्या आधी आपले दोन शब्द होऊ देत. दहाही पोरांना त्यांच्यासमोर पहिल्या रांगेत मांडी घालून बसवलं.

गणपतरावांनी दोन शब्द भीमापासून सुरू केले. अर्ध्या तासात ते द्वापारयुगातच होते. पहिल्या रांगेतली पाच पोरं आधी घामेजली, मग डोलू लागली. एकानं डोळे मिटून घेतले. गणपतरावांना वाटलं भाषण भिनतंय, त्यांनी आवाज चढवला. पाऊण तासानं पहिला उठला आणि ढेपांच्या थप्पीमागं पळाला. त्याच्यामागं दुसरा. मग उरलेले तिघं एकदमच. जाताना एकानं गणपतरावांच्या पायाला हात लावला, तेवढा संस्कार होता. बाळासो छताकडं बघत राहिला.

ती परत आली तेव्हा हलकी दिसत होती. मग हुसेननं वजनं केली.

वस्तादानं कोनाड्यातला कागद आणून लाख फोडली. गजबलवाल्या पाचांचं मिळून आठ आठवड्यांत साडेआठ किलो वाढलं होतं. फुटाण्यावाल्यांचं पावणेनऊ. आणि बाळासोनं तजेल्यावरून निवडलेल्या पाचांपैकी चार फुटाण्याचे निघाले.

माणसं हसायला लागली. पण बाळासो मुंबईत निदान तोंड चालवायला तरी शिकून आला होता. तो पुढं झाला आणि हात वर केला.

"काय होत न्हाय म्हंतोस न्हवं पावडरीनं?" तो म्हणाला. "मग शिरोळात कशानं पळालास? सांग की समद्यांम्होरं. पावडरीनं पळाला असशील, तर जोर हाय म्हणायचा. आन् पावडरीनं न्हाय, तर मग पैलवान, तू भ्यालतास."

हुसेनला दोन्ही बाजू दिसत होत्या. गजबलनं पळालो म्हटलं की अब्रू राहते, आणि पाटीपण राहते. त्यानं काट्याला टेकून लुंगी सारखी केली.

"त्या दिशी सकाळी फुफूकडं गेलतो," तो म्हणाला. "दोन तांबे काकवी प्यालतो. त्येच्यात अच्छेर तूप. वर बरफ घालून रस. तुझा डबा ट्रंकेत हुता. त्या दिशी चमचाभर बी खाल्ला नव्हता. पावडरीचं मी खोटं सांगितलं."

पहिलं हसू हुसेनवर आलं, आणि ते बराच वेळ चाललं. दोन हमाल ढेपांवर लोळले. हुसेन खाली मान घालून ते सगळं झेलत होता आणि वाट बघत होता. मग हळूहळू हसू पातळ झालं आणि माणसं विचारात पडली. आपण तीन महिने जे दुधात कालवून पितोय ते पाटीवरच्या पळण्याकडं बघून, आणि ते पळणं तर काकवीचं. माणसं एकेक करून बाळासोकडं वळली.

सगळ्यात जास्त गणपतराव दुखावले. गेले दोन महिने तेही घरी गुपचूप गजबल घेत होते, हे तेव्हा कळलं.

"केरबा," ते बारीक आवाजात म्हणाले, "मग मला जे वाटत हुतं, ते काय हुतं?"

"ते वाटत हुतं, मालक," वस्ताद म्हणाला.

संध्याकाळपर्यंत बाळासोच्या गाळ्यापुढं अर्धे खाल्लेले डबे रचले गेले. कुणी शिव्या दिल्या नाहीत. शिव्या खाऊनसुद्धा त्याचा माल खपला असता, हे आता पेठेला कळलं होतं. नुसतं डबा ठेवायचा, हसायचं आणि जायचं. आठवडाभरानं गाळ्याला कुलूप लागलं. कुलसुमनं एक रिकामा डबा धुऊन त्यात मीठ भरलं. हुसेनला ऊस कसा हाय असं विचारणारे अजून होतेच, पण आता तो ढेप न उतरवता सांगायचा, "गोड हाय. पावडर कशी हाय?" आणि विचारणारा पुढं चालू लागायचा.

महिन्यानं गाळा उघडला. कुलसुम गिरणीवरनं आली ती नवऱ्याला हाताला धरून पाटीखाली घेऊन गेली. उसातनं पळणारा पैलवान तसाच होता, कानाच्या गाठीसकट. खालची अक्षरं तेवढी नवी होती: 'पैलवानाने स्वतः कबूल केलेली, शिरोळची अस्सल काकवी.' गाळ्यात पत्र्याचे डबे, आणि डब्यांमागं स्टुलावर बसून गिऱ्हाइकाला तांब्या भरून देत सुलतानबी फुफू.

फुफूनं भाच्याला बघून डोक्यावरचा पदर सावरला. तिच्या काकवीला भर बाजारात नाव ठेवल्याचं तिच्या कानावर गेलं होतं, आणि ते ती विसरलेली नव्हती.

हुसेननं पाटी पुन्हा एकदा वाचली. मग कुलसुमला म्हणाला, "केरबा वस्तादास्नी सांग, काकवीसाठी आणिक धा पोरं बघा. ह्या खेपंला गणपतरावांम्होरं न्हाय बसवायची. उसाच्या फडाच्या कडंला बसवायची."