‘गो’ म्हणायला शिकताना

काशीदला आमच्या शेजारी माधवरावांची सुपारीची वाडी आहे, आणि वाडीत पर्यटकांसाठी दोन खोल्या. त्या सांभाळायच्या प्रमोदिनीवहिनी. हाताला चव अशी की मुंबईचे पाहुणे बोटं चाटत, आणि इंग्रजी असं की जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलेली मी कपाळाला हात लावायचे. पाहुण्यांना वाढून झालं की त्या “आय कम” म्हणत आणि सरळ आत निघून जात. निरोप देताना हात हलवून “कम, कम!” एकदा एक बाई बिचारी गाडीतून उतरून बॅगेसकट परत आली.

“वहिनी, गो म्हणा, गो!” मी ओरडायचे.

“कळतं हो जयमालाबाई. पण ‘जाते’ म्हणून कुणी उंबरा ओलांडतं का? आणि ‘जा’ म्हणून माणसाला वाटेला लावायचं? तोंडातून निघतच नाही.”

“इंग्रजीत नाही लागत अपशकुन.”

“मला लागतो ना!”

मी हसायचे खरी, पण हसण्यात अर्थ नव्हता. बुद्धाला शरण गेल्यावर आमच्या आजीने देव सोडले, उपास सोडले, पण निघताना ‘येते’ म्हणणं काही सोडलं नाही.

मग माधवरावांचं दुखणं निघालं. पोटाचा कॅन्सर. मुंबईच्या डॉक्टरांनी आता घरीच ठेवा म्हणून सांगितलं. कळा आल्या की ते म्हणत, “प्रमोदिनी, जाऊ दे आता मला.” वहिनी त्यांच्या तोंडावर हात ठेवत. “अभद्र बोलू नका. बरे होणार आहात तुम्ही.” आणि पेजेचा चमचा पुढे करत. बायकोचं मन राखायला ते गिळत, आणि घटकाभरात ओकून टाकत. बघवत नसे.

एका दुपारी वहिनी आत असताना त्यांनी मला जवळ बोलावलं. “बाई, तिला तो शब्द शिकवा. मराठीत ती म्हणायची नाही. पण तिने जा म्हटल्याशिवाय माझा पाय निघत नाही हो.”

मला चीड आली. मरणाच्या दारातल्या माणसाची चीड येऊ नये, पण आली. नवरा-बायकोतलं हे अवघड काम शेजारणीच्या गळ्यात कशाला?

तरी गेले. वहिनी मागच्या पडवीत सुपारी सोलत बसल्या होत्या. मी आडवळण न घेता सगळं सांगून टाकलं. त्यांचे हात थांबले नाहीत.

“म्हणजे मी त्यांना घालवू?”

“घालवू नका. पण वाटेत आडव्या उभ्या आहात तुम्ही, वहिनी.”

बोलले आणि जीभ चावली. त्यांनी हातातली सुपारी सोलून टोपलीत टाकली. मग खाली मान घालून, पहिलीतल्या पोरीसारखं म्हणाल्या, “सांगा. कसं म्हणायचं?”

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले तेव्हा त्या माधवरावांच्या उशाशी बसून त्यांचे केस विंचरत होत्या. मला पाहिलं, पण थांबल्या नाहीत. विंचरून झालं तशी फणी खाली ठेवली.

“अहो,” त्या म्हणाल्या, “यू गो.”

इतका स्वच्छ उच्चार त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता. माधवरावांनी डोळे उघडले. हात उचलून वहिनींच्या गालाला लावला, आणि कितीतरी वेळ तसाच ठेवला. मला तिथे उभं राहवेना. त्यानंतर वहिनींनी पेजेचा आग्रह केला नाही. माधवरावांनीही फार दिवस काढले नाहीत.

तेरावं झाल्यावर त्या माझ्याकडे आल्या. चहा नको म्हणाल्या. डोळे कोरडे ठणठणीत होते.

“जयमालाबाई, खरं सांगा. मी म्हटलं नसतं तर थांबले असते का हो?”

“डॉक्टरांनी तर आधीच...”

“डॉक्टरांचं नाही विचारत. एखादा दिवस तरी?”

नाही म्हणणं सोपं होतं. जगात सगळे तेच म्हणतात. पण त्या माझ्याकडे बघत होत्या, आणि त्यांच्यासाठी तो माणूस काय काय सोसत होता ते मी पाहिलं होतं.

“थांबले असते, वहिनी,” मी म्हटलं. “तुमच्यासाठी थांबले असते.”

त्यांनी मान हलवली. आणि मग, माधवराव गेल्यापासून पहिल्यांदाच, त्या मोठ्याने रडल्या.