मागचं दार

ताईने तापलेली इस्त्री उभी केली, ॲप्रनला हात पुसले आणि जाऊन मागच्या दाराला पाठ लावून उभी राहिली. समोर टेबलाखाली कुत्र्याची ताटली होती. कुत्र्याने आधी तिच्याकडे पाहिलं, मग दाराकडे, मग पुन्हा तिच्याकडे. खात्री पटल्यावर त्याने मान खाली घातली आणि खायला सुरुवात केली.

"अगं, माझा गणवेश!" काउंटरपलीकडून नर्सबाई म्हणाली. "ड्युटीला उशीर होतोय मला."

"त्याचं होऊ दे."

"आता कुत्र्यालासुद्धा जेवायला सोबत लागते का?"

"लागते. का लागते ते त्याच्या मालकाला विचार. आज उगवणार आहेत महाराज."

'महाराज' हा शब्द तिने असा काही दातांखाली रगडला की नर्सबाईने पुढे विचारलंच नाही. ताटली चाटूनपुसून साफ झाली, तेव्हा ताई दारापासून हलली आणि गणवेशाच्या बाह्यांवर तिने इस्त्री अशी दाबली, जशी काही ती कुणाच्या मुंडक्यावरच दाबायची होती.

महाराज म्हणजे तिचा धाकटा भाऊ. जहाजावर इंजिनखोलीत कामाला. कुत्र्याचं नाव त्याने ठेवलं होतं कप्तान. "जहाजावर मी कप्तानाचं ऐकतो, घरी कप्तान माझं ऐकतो," हा त्याचा विनोद, आणि दर वेळी हसणारा तोच पहिला. सात महिन्यांपूर्वी तो कप्तानाला घेऊन ताईच्या लाँड्रीत आला, म्हणाला, "दोन महिन्यांचा प्रश्न आहे गं." सोबत एक वापरलेला स्वेटर. "हा त्याच्या अंथरुणात ठेव. माझा वास राहील. पण धुऊ नकोस."

आणि मग हळूच म्हणाला, "त्याला ताटली वाढ ना. तो खाईल तेवढ्यात मी मागून निघतो. उगाच रडारड नको."

ताईने ताटली वाढली. हे विसरून चालणार नव्हतं आणि ती विसरलीही नव्हती. स्वतःच्या हाताने वाढली. कप्तान मुकाट्याने खात होता, मागचं दार हलकेच लागलं, आणि त्याने तोंड वर केलं तेव्हा खोलीत फक्त ती होती.

त्या रात्रीपासून त्याने ताटलीला तोंड लावलं नाही. तिसऱ्या दिवशी तर कहरच झाला. लाँड्रीत जन्म गेलेल्या बाईच्या हाताला मळकं कापड दिसलं की ते आपोआप बादलीत जातं. चादरींच्या गठ्ठ्याबरोबर तो स्वेटरही गेला. साबण, गरम पाणी, वर सुगंधी द्रव. वाळून घड्या घालताना तिच्या लक्षात आलं आणि तिने कपाळावर हात मारून घेतला. कप्तान त्या स्वच्छ स्वेटरात नाक खुपसून कितीतरी वेळ शोधत राहिला. मग उठला आणि मागच्या दारापाशी जाऊन पडला. असे एकूण चार दिवस नुसत्या पाण्यावर.

पाचव्या दिवशी त्याने एक घास खाल्ला आणि धावत दाराकडे गेला. परत आला, दुसरा घास, पुन्हा दार. ती बघत राहिली आणि तिला उमगलं. खाताना पाठ फिरली की माणूस नाहीसा होतो, एवढं एकच ते जनावर शिकलं होतं, आणि शिकवणाऱ्यांत तीही होती. ती जाऊन दाराला पाठ लावून उभी राहिली. तेव्हा त्याने ताटली संपवली. तेव्हापासून सात महिने, दिवसातून दोनदा, इस्त्री उभी करायची आणि दाराला टेकायचं. गिऱ्हाईक खोळंबलं तर खोळंबलं.

फोनवर धाकटा दर वेळी विचारायचा, "मजेत आहे ना?"

"मजेत," ती म्हणायची आणि फोन ठेवल्यावर पुढचा अर्धा तास एकटीच बडबडायची. दोन महिने म्हणे! दोनाचे चार झाले, चाराचे सात. जीव लावायचा आणि पेटीसारखा कुणाकडे तरी ठेवून जायचं, हे बरं आहे!

धाकटा आला दुपारी, पुढच्या दाराने. दाढी वाढवलेली, अंगाला कसल्याशा अत्तराचा भपकारा. कप्तान ताडकन उठला, ताईच्या पुढ्यात येऊन उभा राहिला आणि गुरगुरला.

"अरे, मी!" धाकट्याचा चेहरा पडला. "ताई, हा ओळखत नाही मला?"

ताईला बरं वाटलं. खोटं कशाला सांगा, छातीत गारेगार वाटलं. भोग म्हणावं आता.

धाकटा खाली बसला. हात पुढे केला आणि दोन बोटं ओठांत घालून बारीक शिट्टी मारली. कप्तानाचे कान टवकारले. तो दबकत पुढे गेला, मनगट हुंगलं, मग कोपर, मग गळा. आणि त्याच्या घशातून असा आवाज निघाला, जो ताईने सात महिन्यांत एकदाही ऐकला नव्हता. तो रडत होता, उड्या मारत होता, बुटाच्या नाड्या ओढत होता, फरशीवर मुतत होता, धाकट्याची दाढी चाटत होता.

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती फडकं घेऊन फरशी पुसायला बसली. झालं? एवढ्यावर फिटलं सगळं? एक शिट्टी, आणि सगळं माफ?

"बेइमान मेला," ती पुटपुटली.

"कोण, मी की तो?" धाकटा हसत म्हणाला.

"दोघंही."

"स्वेटर कुठाय गं त्याचा?"

"धुतला."

"ताई! एवढं एकच सांगितलं होतं तुला."

फडकं तिने बादलीत आपटलं. "हो, धुतला! चुकलं माझं! आणि तुझं? तू गेल्यावर चार दिवस अन्नाला शिवला नाही हा. अजून दाराला पाठ लावून उभं राहिल्याशिवाय घास गिळत नाही. मला विचारतोस स्वेटर कुठाय!"

धाकट्याने उठून कप्तानाला साखळी लावली. तीन महिन्यांची सुट्टी होती, भाड्याची खोली घेतली होती. अंथरूण, ताटली, सगळं पिशवीत भरून झालं. कप्तान नाचत नाचत उंबऱ्यापर्यंत गेला आणि तिथे थांबला. मागे वळून त्याने ताईकडे पाहिलं. तिची वाट पाहिली. ती जागची हलली नाही, तसा तो साखळी ओढत परत आला आणि इस्त्रीच्या टेबलाखाली जाऊन बसला. धाकट्याने ओढलं, शिट्टी मारली, बिस्किट दाखवलं. कप्तान दोघांकडे आळीपाळीने बघत राहिला.

धाकट्याने घड्याळ पाहिलं. पिशवीतून ताटली बाहेर काढली आणि आवाज खाली आणून म्हणाला, "ताई, असं कर. ह्याला थोडं काही वाढ. तो खाईल तेवढ्यात तू मागून सटक, शेजारी कुणाकडे तरी जाऊन बस. तू दिसली नाहीस की येईल मुकाट."



"काय म्हणालास?"

"अगं, म्हणजे उगाच त्याला त्रास..."

"त्याला? की तुला?" ताटली तिने त्याच्या हातातून हिसकावून घेतली. "बाबांचाच वारसा चालवतोयस, दुसरं काय! आई ताटं वाढायची आणि घास तोंडात असतानाच मागचं दार लागायचं. सहा-सहा महिने मग तोंड दिसायचं नाही त्यांचं. आणि तू तो घास गालात धरून बसायचास. गिळायचा नाहीस, थुंकायचा नाहीस. संध्याकाळपर्यंत!"

धाकट्याने साखळी बोटाभोवती गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

"तुला आठवतंय ते?" तो म्हणाला. "मला वाटायचं, तुलाही माहीत नसायचं. ते निघणार आहेत ते."

"मला माहीत असायचं."

"कायम?"

"कायम. तुला भरवायचं काम माझ्याकडेच होतं ना. 'एक घास काऊचा' म्हणत, तुझं तोंड दाराकडे वळू नये म्हणून."

टेबलाखाली कप्तानाने शेपटी एकदा आपटली आणि थांबवली.

"तेव्हा मी नऊ वर्षांची होते," ताई म्हणाली. आवाज चढलेलाच होता, पण आता तो धाकट्यावर नव्हता. "ह्याची ताटली वाढली तेव्हा नव्हते. आता पुन्हा नाही करायची मी. समजलं? नाही म्हणजे नाही."

ती गुडघे टेकून टेबलापाशी बसली. कप्तानाचं तोंड तिने दोन्ही हातांत धरलं आणि खडसावल्यासारखी म्हणाली, "हे बघ, मी येत नाहीये. तू जायचंस, मी इथेच राहणार. कळलं का रे मूर्खा?"

कप्तानाने तिच्या हनुवटीला नाक लावलं. कळलं असेल, नसेलही. तिने साखळी धरली, त्याला बाहेर काढलं, चालवत पुढच्या दारापर्यंत नेलं आणि त्याच्या डोळ्यांदेखत धाकट्याच्या हातात दिली.

"खायला घालशील तेव्हा दाराला पाठ लावून उभा राहा. आणि पुन्हा जहाजावर जाशील तेव्हा त्याच्यासमोर बूट घाल, त्याच्यासमोर पेटी उचल. रडला तर रडू दे. तूही रड."

"बरं."

"नुसतं बरं नको."

"नाही गं. करीन."

तो पायरी उतरला. "थांब," ताई म्हणाली. कपाटात पांढरेशुभ्र, कडक इस्त्रीचे ॲप्रन रचून ठेवले होते. तिकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. अंगातला, सकाळपासूनच्या घामाचा, खळीचे डाग पडलेला ॲप्रन तिने पाठीमागची गाठ सोडून काढला, त्याचा बोळा केला आणि पिशवीत, अंथरुणाच्या घडीत कोंबला.

धाकटा बघत राहिला.

"बघतोस काय? धुऊ नकोस तो."

ते निघाले. रस्ता सरळ होता, पार वळणापर्यंत दिसणारा. आत फोन वाजत होता, उद्या सकाळचे गणवेश तसेच पडले होते. वळणापर्यंत कप्तानाने तीनदा मागे पाहिलं. तिन्ही वेळा ती दारातच उभी होती.