कुकडीच्या कुंडावर

अजिनाथ कुंडात पडला त्याला दोन रात्री उलटल्या, तरी ज्ञानेश्वरीच्या डोळ्यांत टिपूस आलं नव्हतं.

निघोजजवळ कुकडी नदी काळ्या खडकात शिरते आणि खोल, अरुंद घळ कोरत पुढं जाते. घळीत जागोजागी रांजणासारखे गोल खळगे. अजिनाथ शाळेत भूगोल शिकवायचा. वर्गाला हे खळगे दाखवतानाच शेवाळावरून त्याचा पाय सरकला. धरणाचं पाणी सुटलेलं, नदी जोरात होती. काल वरून पाणी बंद केलं, तेव्हा कुठं आज खळगे उघडे पडले आणि पट्टीचे पोहणारे दोर बांधून उतरले.

धाकटा दीर भागवत चहा घेऊन आला. "वहिनी, दोन घोट घ्या."

तिनं घेतला. "साखर कमी हाय," म्हणाली. भागवत तिच्याकडं बघतच राहिला.

लग्नानंतर अजिनाथनं तिला पहिल्यांदा फिरायला आणलं ते इथंच. "भोवऱ्यात सापडलेला गोटा लवकर सुटत नाही," तो रंगात येऊन सांगत होता. "गरगर फिरतो, खडक झिजवतो अन् स्वतःबी झिजतो." तेव्हा ती कंटाळली होती. आता तीच वाक्यं डोक्यात फिरत होती, पण त्यांत त्याचा आवाज नव्हता.

खालून हाक आली. एका रांजणाच्या तळाशी, कपारीत अडकलेला सापडला. वर आणून चादरीवर ठेवला.

"ताई, ओळखता का?" पोलिसानं हळू विचारलं.

चेहरा ओळखू येण्यासारखा राहिला नव्हता. तिनं पायांकडं पाहिलं. "व्हय. हेच."

भागवत हंबरडा फोडून खाली बसला. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. हात आपला नाहीच, असं तिला वाटलं. वर येऊन कुडकुडणाऱ्या पोहणाऱ्याकडं बोट दाखवून ती म्हणाली, "त्यांना कोरडं कायतरी द्या कुणी."

अँब्युलन्समध्ये बसल्यावर तिनं हेडमास्तरांना फोन लावला.

"सर, सापडले हे. पोरं घाबरली असतील, त्यांच्या घरी जाऊन या. अन् कुंडाची सहल बंद करू नका. काठावरूनच दाखवा, खाली उतरू देऊ नका."

 पलीकडून दबक्या आवाजात "बरं" आलं.

तिनं फोन ठेवला. बाहेर कांद्याची काढणी चालली होती. गाडी वळेपर्यंत ती तिकडंच बघत राहिली.