उताणे मासे

नाबुल गावात लग्न ठरलेल्या मुलीला हमामात न्हाऊ घालायला नेतात आणि भिंतीवर मासा रंगवलेला नसेल, तर एखादी मावशी दारातूनच माघारी फिरते. मासा असला की दृष्ट लागत नाही. सिहेमला हे लहानपणापासून ठाऊक होतं. तरी तिने त्या दिवशी माती खाल्लीच.

तिचा भाऊ नौफल टाइल रंगवायचा. सिहेमने त्याच्यासाठी संगणकावर एक प्रोग्रॅम लिहिला होता. कमान, हौद, खांब, असेल तो आकार पडद्यावर आखायचा. मग प्रोग्रॅम एकाच टाइलचा फोटो पुन्हा पुन्हा मांडून तो आकार काठोकाठ भरून टाकायचा. गिऱ्हाइकाला भिंत आधीच दिसली तर मोठी कामं मिळतील, आणि मग आपल्याला फ्रँकफुर्टची नोकरी धरावी लागणार नाही, असा तिचा बेत. फ्रँकफुर्टवाल्यांना आज संध्याकाळपर्यंत उत्तर हवं होतं. नौफल म्हणायचा, "जा की! इथे आहे काय, चिखल." म्हणायचा आपला तोंडाने.

दुपारी हमामाच्या कमानीवर माशाची टाइल लावून बघितली, तर कमानीभर आडव्या काळसर रेघा. टाइलच्या फोटोची वरची कड उजळ आली होती आणि खालची काळपट, त्यामुळे प्रत्येक ओळीचा सांधा उठून दिसत होता. गिऱ्हाईक तर यायला निघालेलं. सिहेमने प्रोग्रॅमला सांगितलं, एक ओळ सरळ लाव, पुढची उलटी. उजळ कडेला उजळ कड मिळाली आणि रेघा गायब! ती स्वतःवरच खूश झाली.

हमामाची मालकीण मन्नूबिया, सगळ्यांची लल्ला म्हणजे बाईसाहेब, आली, खुर्चीत ऐसपैस बसली, चष्मा चढवला आणि किंचाळलीच.

"या अल्लाह! हे मासे मेलेत की!"

"कुठे, लल्ला?"

"कुठे म्हणून काय विचारतेस! एक ओळ पोहतेय, दुसरी पोट वर करून पडलीय. माझ्याकडे नवऱ्या मुली येतात, पोरी. मी मयतं नाही धूत!"

सिहेमने पाहिलं, आणि तिचं तोंड उतरलं. खरंच, निम्मे मासे उताणे होते. नौफलचा चेहरा तर अख्खी भट्टी फुटल्यासारखा झाला.

"थोडा वेळ द्या, लल्ला."

"माझी असरची, तिसऱ्या प्रहरची नमाज होईपर्यंत. मग मी निघाले पलीकडच्या गल्लीत. तिथे जिवंत मासे मिळतात म्हणे!"

नौफलने लल्लाला नमाजासाठी आतली खोली दाखवली. सिहेमने आधी उलटी ओळ काढून टाकली. रेघा पुन्हा हजर. आता त्या पुसायला आणखी कुठला आदेश लिहावा, म्हणून ती डोकं खाजवत बसली. मग तिची नजर खिडकीशी ठेवलेल्या टाइलवर गेली. उजेड एकाच बाजूने पडत होता. एवढी साधी गोष्ट! आपण तिथेच तर फोटो काढला होता.

"नौफल, ती टाइल अंगणात ने. सावलीत!"

"आत्ता?"

"नाही, ईदला! पळ!"

तिने नव्याने फोटो काढला आणि चारही कडा अगदी काटेकोर कापल्या. नौफल दाराच्या फटीतून आत डोकावत होता.

"उरक गं! म्हातारी पुन्हा उठून उभी राहिली. चारातली तिसरी रकात!"

"तू मोजू नकोस, मला कमान भरू दे!"

कमान भरली. सगळे मासे सरळ, एकाच दिशेने निघालेले, आणि सांधा शोधूनही सापडेना.

लल्ला मन्नूबिया बाहेर आली आणि पडद्याला नाक लावून उभी राहिली. "कमान जरा रुंद कर बघू." सिहेमने केली, वाढलेल्या जागेत आणखी मासे येऊन बसले. "आता हौद." हौदही भरला. म्हातारीने एकेका ओळीवरून बोट फिरवलं. या दोघांचा जीव टांगणीला.

"पोहतायत," ती शेवटी म्हणाली. "लागा कामाला. कमान, हौद आणि दोन्ही खांब."

ती गेली. सिहेम आधी हसली, मग रडली. इतकं हलकं तिला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. डोळे पुसून तिने फ्रँकफुर्टला दोन ओळी लिहिल्या: आभारी आहे, पण मी येत नाही. नौफल खांद्यावरून वाचत होता.

"पाठवलंस?"

"पाठवलं."

"नक्की गेलं ना? बघ पुन्हा. आता ते परत नाही ना घेता येत?"

"नाही येत."

"बरं झालं," नौफल म्हणाला, आणि तिला डोळे दिसू नयेत म्हणून भट्टीकडे गेला.