गुलाबकाका कोणाच्या बाजूचे

"गुलाबकाकांचा गुलाब आला नाही ना, तर खाली जाऊन बघत जा," सासूबाई मोठ्या दिरांकडे राहायला जाताना म्हणाल्या होत्या. "फूल नाही ते. एकटा माणूस 'उठलो बरं का' म्हणून सांगतो." मी हो हो म्हटलं. मनात म्हटलं, त्या गुलाबांनी फोन भरलाय, त्याचं काय?

गुलाबकाका तळमजल्यावर राहतात. बस कंडक्टर होते, आता निवृत्त. इमारतीच्या ग्रुपवर रोज सकाळी सगळ्यांच्या आधी त्यांचा गुलाब यायचा. तो बघितल्याशिवाय माझी लेक दुधाला तोंड लावायची नाही.

मग निवडणूक आली आणि एका टाकीचं पाणी पिणारी आम्ही माणसं पक्षांच्या रंगांप्रमाणे पिवळी आणि जांभळी झालो. ग्रुपही दोन झाले, 'जागरूक रहिवासी' आणि 'खरे जागरूक रहिवासी'. नवरा पिवळा म्हणून मी पिवळ्यांत. मला विचारायचं कोणाला सुचलं नाही, मलासुद्धा. काका भाबडेपणाने दोन्हीकडे राहिले. एकदा त्यांनी पिवळा गुलाब पाठवला. जांभळ्यांनी निषेध नोंदवून त्यांना काढून टाकलं, हे मला फार नंतर कळलं. दुसऱ्या दिवशी भरपाई म्हणून त्यांनी जांभळा पाठवला. तो अर्थात आमच्याकडेच पोचला. आमच्या खजिनदारांनी 'घरभेदी' असं लिहून त्यांना बाहेर काढलं.

"फूल?" लेक विचारायची.

"आता ते तिकडच्यांना पाठवतात," मी सांगायचे. झोपलेल्या लेकीच्या नाकाखाली बोट धरून श्वास तपासणारी मी, पण हे तपासावंसं वाटलं नाही.

त्या दिवशी तिला पाळणाघरात न्यायला खाली उतरले, तर काकांच्या दाराला कालची दुधाची पिशवी तशीच लटकत होती. तिच्यावर आजची.

"जांभळ्यांचे आहेत ते," खजिनदार जिना उतरता उतरता म्हणाले. "बघतील त्यांचे."

तेवढ्यात समोरच्या वहिनी आल्या. निकालापासून आमचं बोलणं बंद होतं. मीच तोंड उघडलं. "वहिनी, काका तुमच्याकडे गुलाब पाठवतात ना?"

"आमच्याकडे? आम्ही कधीच काढलं त्यांना. तुमच्याकडे असतात ना?"

आम्ही दोघींनी एकदमच बेलवर बोट ठेवलं. आतून काही नाही.

काकांनी अडीअडचणीला म्हणून किल्ल्या देऊन ठेवल्या होत्या. बाहेरच्या जाळीची खजिनदारांकडे, आतल्या दाराची चेअरमनकाकांकडे. दोघं तेव्हा रोज एकत्र फिरायला जायचे. आता एक पिवळे, एक जांभळे. चेअरमनकाका किल्ली घेऊन आले आणि जाळीसमोर उभे राहिले.

"आधी त्यांना जाळी उघडू दे."

"मी उघडली की म्हणाल, पिवळ्यांनी श्रेय लाटलं," खजिनदार म्हणाले.

"फोटो काढायचा नाही, आधीच सांगतो."

"भावोजी," वहिनी शांतपणे म्हणाल्या, "दोन्ही किल्ल्या माझ्या हातात द्या, नाहीतर तुम्हा दोघांना आत कोंडून बाहेरून कुलूप लावते."

काका ओट्याखाली पडलेले होते. काल सकाळी पाय घसरलेला. फोन वर, डब्याशेजारी. ओठ कोरडे पडलेले, पण डोळे उघडे. दारात आमची झालेली दाटी त्यांनी बघितली आणि बारीक आवाजात म्हणाले, "पुढे सरका, पुढे. दाराशी गर्दी नको. आत जागा आहे."

वहिनी हसत हसत खाली बसल्या आणि मग रडायलाच लागल्या. मी चमच्याने काकांच्या ओठांना पाणी लावलं. नंतर काकांना रुग्णवाहिकेपर्यंत न्यायला चेअरमनकाका आणि खजिनदार यांना एकमेकांची मनगटं धरावी लागली. दोघांनीही ती नाक मुरडून धरली, पण घट्ट.

कमरेचं हाड मोडलंय, हळूहळू जुळेल म्हणतात. संध्याकाळी दोन्ही ग्रुपवर 'आमच्या तत्परतेमुळे प्राण वाचले' असा मजकूर आला, शब्दाला शब्द तोच. म्हणजे आमची इमारत सुधारली, असं काही नाही. वहिनी आणि मीही अजून राजकारणावर कडाकडा भांडतो. फक्त आता काकांना घेऊन आमचा तिघांचा एक ग्रुप आहे. त्यावर वाद चालतो, पण गुलाब आल्यावर.

तुमच्याही ग्रुपमधून वादावादीत कोणीतरी बाहेर पडलं असेल. तिकडचे बघत असतील त्यांच्याकडे, असं तुम्हाला वाटत असेल. तिकडच्यांनाही तेच वाटतंय. तेव्हा हे वाचणं बाजूला ठेवा आणि त्यांची बेल वाजवून या.