साडूच्या रिंगा

आम्ही दोघे साडू एकाच बांधकामावर सळया बांधायचो. एकदा इंजिनिअरबाईंनी सगळ्यांना बोलावून साडूचा कॉलम दाखवला. "उभ्या सळयांभोवतीच्या रिंगांची टोकं अशी आत वळवा. भूकंपात रिंग उघडली की कॉलम फुटतो." माझ्या पोटात दुखायला लागलं. त्याला हे काम मीच शिकवलं होतं.

जेवणाच्या सुट्टीत मी त्याच्या कॉलमची एकेक रिंग तपासली. एकही टोक बाहेर नव्हतं.

"काय साडूभाऊ, सापडली का खोट?" तो मागून म्हणाला.

"नाही," मी म्हणालो.

दुपारी मी माझ्या दोन्ही कॉलमच्या, टोकं बाहेर राहिलेल्या रिंगा काढून नव्या वळवल्या. तो मदतीला आला, पण मी त्याला हात लावू दिला नाही.