घशाचा घसारा

एरंडोलचा चुडामण लग्नात, जत्रेत गाऊन पोट भरायचा. त्या वर्षी सुपाऱ्या इतक्या आल्या, की मागोमाग इन्कमटॅक्सची नोटीसही आली. कर भरायचा तर पेटी विकावी लागणार, आणि पेटी विकली तर पुढं गायचं कशावर? बिचाऱ्याची झोप उडाली.

शेवटी दुकानदार कन्हैयालालशेठनं तोड सांगितली. "भाऊ, रडता कशाला? धंद्याची जी चीज झिजते, तिचा घसारा वजा मिळतो. मागून घ्या."

चुडामणनं घसारा हा शब्द जन्मात ऐकला नव्हता. पण त्यात घसा होता, तेवढं त्याला पुरलं. सरकारला गवयाच्या घशाची इतकी काळजी! त्याला अगदी गहिवरून आलं.

मग घसा झिजवायची धामधूम सुरू झाली. कैरीचं लोणचं काय, बर्फाचे गोळे काय, कपाशीच्या शेतात उभं राहून बोंबलणं काय! बायको कमलबाईसोबत पेटी घेऊन तो जळगावच्या कचेरीत पोचला, तेव्हा आवाज पार चिरकला होता.

"साहेब, मना घसा बठ्ठा झिजी गया. घसारा द्या."

"घशाचा घसारा?" साहेब चक्रावले.

"गाई दखाडू का?"

त्यानं पेटी उघडली. कारकून लेखण्या टाकून जमले, पट्टेवाला दारातच मान डोलवू लागला आणि चुडामणला चेव चढला. समोर माणसं असताना बेसूर गायचं? छे! खरखर कुठल्या कुठं पळाली आणि तान अशी मोकळी सुटली, की कमलबाईनं कपाळावर हात मारला.

साहेबांना हसू आवरेना. "घसा ठणठणीत आहे की तुमचा! आणि घसारा माणसाच्या अंगाचा नसतो हो, सामानाचा असतो. ही पेटी जुनी दिसते. झिजलीय ना?"

चुडामण भडकला. "मनी पेटी? झिजेल? साहेब, आख्ख्या खान्देशमा अशी पेटी..."

कमलबाईचा तळहात त्याच्या तोंडावर बसला. "झिजी गयी, साहेब! बठ्ठी झिजी गयी!"

साहेबांनी पेटीचा घसारा धरला, गावोगावचं मोटारभाडंही वजा केलं. कर निम्म्यावर आला, पेटी वाचली. कमलबाईला तर रस्त्यातच नाचावंसं वाटलं.

परतीच्या मोटारीत चुडामण मात्र पेटी मांडीवर घेऊन तिच्या कानाशी लागला होता.

"मनवर लेऊ नको, माय. ते सरकारी बोलनं व्हतं."